पोटात घेऊ नये

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. शिक्का म्हटल्यावर लाकडी मुठीचा, शाईच्या डबीत तोंड बुडवून कागदावर आपटला जाणारा गडी तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो मी नव्हे. माझी शाईची गादी माझ्या अंगातच बसवलेली आहे. माझे तोंड दिवसभर वर, त्या गादीला चिकटलेले असते. डोक्यावर दाब पडला की मी कोलांटी मारतो, कागदावर तोंड टेकवतो आणि लगेच उलटा फिरून पुन्हा गादीखाली जातो. कागद मला दिसतो तो एवढाच वेळ. आपण उमटवलेले शब्द पुढे कुठे जातात, त्यांचे काय होते, हे आम्हाला पाहता येत नाही. कान मात्र माझे तिखट आहेत; जे दिसले नाही, ते मी ऐकून सांगतो आहे. स्वभाव विचाराल तर मला धक्का फार लवकर बसतो. पण जो धक्का मी तुम्हाला सांगणार आहे, तो दगडालाही बसला असता.

माझी सुरुवात शिक्केवाल्या काकांच्या दुकानात झाली. तिथे जळक्या रबराचा वास सतत भरलेला असायचा. एक यंत्र रबरावर अक्षरे कोरायचे आणि काका फुंकर मारून त्याचा भुसा उडवायचे. काचेच्या कपाटात निरनिराळ्या कंपन्यांचे शिक्के मांडलेले होते आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी आम्हा सगळ्यांच्या तोंडावर एकच शब्द चिकटवलेला होता, ‘नमुना’. दुसरे काही बोलायची सोयच नव्हती. बँकेचा शिक्का बनून ‘मंजूर’ म्हणावे, नाहीतर शाळेत जाऊन ‘मुख्याध्यापक’ म्हणावे, अशी स्वप्ने मी पाहत असे.

एके दिवशी दुकानात दोन बहिणी आल्या. दोघींचे मिळून औषधांचे दुकान होते. थोरली मागच्या खोलीत काढे आणि तेले बनवायची, धाकटी काउंटर सांभाळायची. जुना लाकडी शिक्का त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. त्याचे रबर इतके झिजले होते की अक्षरांच्या जागी नुसते जांभळे ढग उमटत.

“काका, आपली आपण शाई लावून घेणारा शिक्का दाखवा,” धाकटी म्हणाली.

“काही नको. ह्याचंच रबर बदलून द्या,” थोरली म्हणाली. “मूठ अजून धडधाकट आहे.”

“मूठ धडधाकट आहे गं ताई, पण तुझी बोटं बघ. शाईच्या डबीत जन्मल्यासारखी दिसतात.”

काका हसले आणि त्यांनी आम्हा चौघांना कपाटातून काढून काउंटरवर उभे केले. पुढ्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. “मारून बघा. बघायला पैसे पडत नाहीत.”

मग आमची परीक्षा सुरू झाली. पहिला होता पोलादी सांगाड्याचा, परदेशी कंपनीचा, भारदस्त. त्याचा ठसा सुरेख उठला. पण धाकटीने तो चार-पाच वेळा मारला आणि मनगट झटकत म्हणाली, “हा रोज मारला तर माझा खांदा धरेल. मग आपलंच तेल मलाच चोळायला लागेल.” दुसरा स्वस्तातला, हलका. दाबला की खुळखुळ्यासारखा वाजायचा आणि कागदावर सरकून शब्द दुहेरी उमटवायचा. तिसरा मोठा शिष्ट होता. त्याला गादीच नव्हती. शाई त्याच्या रबरातच मुरलेली असते म्हणे, त्यामुळे तो आमच्याकडे पाहून नाक मुरडायचा. त्याचे अक्षर सगळ्यांत रेखीव होते, हे मला कबूल करावे लागेल.

“ह्याची शाई संपली तर?” थोरलीने विचारले.

“वरून थेंब सोडायचे आणि मुरेपर्यंत ठेवून द्यायचा,” काका म्हणाले.

“आणि गिऱ्हाइकानं तोवर काय करायचं, गाणी म्हणायची?”

शिष्ट मागे सरकवला गेला आणि मी पुढे आलो. मी टप्पकन उडी मारली. ठसा नीट उठला, कागद सरकला नाही. काकांनी माझ्या कुशीतून शाईची गादी बाहेर ओढून दाखवली, बाजूची दोन बटणे दाबून मला अर्ध्यावर कसे अडकवून ठेवायचे तेही दाखवले. थोरलीने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला आणि अक्षरांच्या कडा तपासल्या. “बरा आहे,” ती म्हणाली. तिच्या तोंडून हे प्रशस्तिपत्रक होते, हे मला पुढे कळले.

“कशावर मारणार?” काकांनी विचारले.

“बाटलीच्या लेबलवर.”

“मग काही प्रश्नच नाही. आमचे निम्मे शिक्के लेबलांवरच चालतात.”

मित्रांनो, इतकी चिकित्सा झाली. वजन पाहिले, आवाज ऐकला, कडा भिंगातून पाहाव्यात तशा पाहिल्या. पण सगळे ठसे मारले गेले ते काकांच्या कागदावर. माझा जन्म ज्या लेबलावर जायचा होता, ते त्या टेबलावर कोणी आणलेच नव्हते. आणायचे तरी कसे? धाकटीने नवी लेबले छापायला टाकली होती आणि ती अजून यायची होती. जुनी लेबले साध्या कागदाची होती. काकांनाही तशीच माहीत होती.

माझ्या तोंडावरचा ‘नमुना’ सोलून काढला आणि तिथे नवे रबर चिकटवले. काय शब्द मिळतात म्हणून मी उत्सुकतेने वाट पाहत होतो. पहिला ठसा मारला तेव्हा मी उडालोच. ‘पोटात घेऊ नये. फक्त बाहेरून लावण्यासाठी.’ ना मंजुरी, ना सही, ना मानाचे पद. जन्मभर एकच नन्नाचा पाढा! मी खूप खट्टू झालो.

पण दुकानात गेल्यावर माझे मत बदलले. त्याला कारण बहिणींची आई. दुकानाच्या मागेच त्यांचे घर होते. आईने स्वतः हे दुकान अनेक वर्षे चालवले होते. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती दुपारी काउंटरच्या आत स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत असे. खोकल्याचा काढा आणि सांध्यांना चोळायचे तेल या दोन औषधांवर दुकानाचे नाव होते. दोन्ही तपकिरी, दोन्ही तपकिरी बाटल्यांत, आणि दोन्हींच्या लेबलावर थोरलीच्या हातचे तेच शब्द, ‘दिवसातून तीनदा’. फरक होता तो फक्त ठशाचा. चोळायच्या बाटलीवर ठसा असे, काढ्याच्या बाटलीवर नसे.

“वाचत बसायची गरज नाही,” आई प्रत्येकाला सांगायची. “जांभळा ठसा दिसला की चोळायचं. ठसा नसला की प्यायचं. चष्मा विसरलात तरी चालेल.”

हे ऐकून माझी मान ताठ झाली. चष्मा नसणाऱ्यांचाही मी आधार! ‘मंजूर’ म्हणणाऱ्या शिक्क्यांना कोण विचारतो, असे मला वाटू लागले. मी त्या दिवसापासून जरा चढूनच वागत होतो, असे म्हणा हवे तर.

नवी लेबले आली त्या दिवशी धाकटी लहान मुलीसारखी नाचली. गुळगुळीत, चकचकीत लेबले होती ती, वर हिरव्या अक्षरांत दुकानाचे नाव. जुन्या लेबलांवर तेल ओघळून ती काळीकुट्ट व्हायची, म्हणून तिने मुद्दाम अशी करून घेतली होती. तिने एका लेबलावर तेलाचा थेंब टाकला आणि फडक्याने पुसला.

“बघ ताई, डाग नाही की काही नाही!”

“झकपक आहेत,” थोरली म्हणाली. “औषध तेच आहे, हे लोकांना सांग म्हणजे झालं.”

संध्याकाळी धाकटीने चोळायच्या बाटल्यांसाठी लेबले ओळीने मांडली आणि मला कामाला लावले. पहिल्याच उडीला मला विचित्र वाटले. आजवर ज्या कागदाला मी तोंड टेकवले, तो माझी शाई घटाघटा प्यायचा. हे लेबल थंडगार होते. ते काही पीतच नव्हते. माझे शब्द त्याच्यावर नुसते बसून राहत होते, पाहुण्यासारखे. पण ठसा म्हणाल तर इतका ठसठशीत की धाकटीने कौतुकाने मला थोपटले. लेबले उचलताना तिच्या बोटांना शाई लागली.

“नवा आहे ना, सोडणारच थोडी,” ती म्हणाली.

“रात्रभर वाळू दे. घाई करू नकोस,” थोरलीने सांगितले.

सकाळी लेबले कोरडी दिसत होती. थोरलीने तिच्या न पुसल्या जाणाऱ्या पेनाने त्यांच्यावर ‘दिवसातून तीनदा’ लिहिले आणि ती बाटल्यांना चिकटवली. तेलाची पहिली नवी बाटली आईच्या गुडघ्यांसाठी आत गेली. दुसरी केस कापणाऱ्या काकांनी नेली, दिवसभर उभे राहून त्यांची कंबर धरायची. तिसरी बसवाल्या भाऊंनी नेली. हे बस चालवायचे, त्यांची मान दुखायची आणि त्या आठवड्यात त्यांना खोकलाही झाला होता. म्हणून त्यांनी तेल आणि काढा असे दोन्ही घेतले आणि दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत टाकल्या.

दुपारी दुकान शांत होते. थोरली मागे काहीतरी ढवळत होती, धाकटी कपाट पुसत होती. आईला सर्दी झाली होती. नाक इतके चोंदले होते की ती बोलायची तेव्हा भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटायचे. ती आत जाऊन पडली होती. तेवढ्यात घरातून काहीतरी खणकन पडल्याचा आवाज आला. चमचा असावा. त्याच्यामागोमाग असा आवाज आला, की तो माणसाच्या घशातून आला आहे हे मला आधी समजलेच नाही.

“आई!” थोरली ओरडली आणि धावली. धाकटीच्या हातातले फडके तिथेच पडले.

काय झाले होते ते आता सांगतो, मला ते नंतर ऐकायला मिळाले. सकाळी आईने गुडघ्यांना तेल चोळले, बाटलीला बूच लावले आणि तेलकट हातानेच ती फळीवर काढ्याशेजारी ठेवली. ठेवताना तिचा अंगठा लेबलावरून फिरला. दुपारी ती काढा घ्यायला उठली. चष्मा शोधायचे कारणच नव्हते. वर्षानुवर्षे जे लोकांना सांगितले, तेच तिने केले. जिच्यावर ठसा नव्हता, ती बाटली तिने उचलली. नाक बंद, त्यामुळे वासही आला नाही. चमचा भरला आणि तोंडात टाकला.

त्या तेलाचा एक घोट पोटात जाणे म्हणजे काय, हे त्या घरात प्रत्येकाला माहीत होते.

दोघी बहिणी आईला धरून दुकानातून बाहेर नेत होत्या. समोरचा दुकानदार गाडी आणायला धावला होता. आईच्या घशातून शब्द फुटत नव्हता. काउंटरपाशी ती थांबली. हातातली बाटली तिने सोडलीच नव्हती. तिने ती धाकटीच्या तोंडासमोर धरली.

“ठसा... कुठंय?” धाकटी कुजबुजली. “ताई, ह्याच्यावर ठसाच नाहीये. मी मारला होता. मी स्वतः मारला होता गं!”

आईने आपला अंगठा वर केला. तो जांभळा होता.

मित्रांनो, मी काउंटरवर उभा होतो आणि मला हे सारे ऐकू येत होते. माझी स्प्रिंग आखडून गेली. माझे शब्द पुसले गेले? इतके सहज? थोरलीचे ‘दिवसातून तीनदा’ जिथल्या तिथे होते, दुकानाचे नाव हिरवेगार होते, आणि नेमके ‘पोटात घेऊ नये’ तेवढे नाहीसे झाले होते! मी नसलो की ‘प्या’ असा अर्थ होतो. म्हणजे मी गप्प बसलो नव्हतो, मी त्या माउलीला चक्क ‘पी’ म्हणालो होतो. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

आईने मोठ्या कष्टाने तोंड उघडले. मला वाटले ती पाणी मागेल.

“बाकीच्या,” ती म्हणाली. “बाकीच्या बाटल्या.”



“तू जा,” थोरली धाकटीला म्हणाली. तिचे डोके ठिकाणावर होते. “मी आईला घेऊन जाते. आधी केसवाले काका, मग बसवाले भाऊ. भाऊंनी काढापण नेलाय. पळ!”

“आईला असं सोडून मी...”

“अगं, तिनंच सांगितलंय ना! पळ!”

धाकटीने आईच्या हातातली बाटली पिशवीत टाकली आणि का कोण जाणे, मलाही मुठीत पकडून तिच्यात कोंबले. ती पळत होती आणि मी पिशवीत बाटलीवर आपटत होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मध्येच ती स्वतःशी पुटपुटायची, “मीच आणली ती लेबलं, मीच.”

केस कापणारे काका कोणाची तरी दाढी करत होते. “या, या,” ते म्हणाले. “तेल फर्स्ट क्लास आहे तुमचं.”

“काका, बाटली कुठंय? तुम्ही प्यायलात का?”

“तेल? मी कशाला पिऊ?”

बाटली आरशासमोर, केसांना लावायच्या चार तेलांच्या रांगेत उभी होती. धाकटीने ती उचलली आणि तिचा हुंदका बाहेर पडला. काकांच्या ओल्या हाताने माझे अर्धे शब्द नेले होते. लेबलावर उरले होते ते एवढेच, ‘पोटात घेऊ’. खाली पुसट जांभळा फराटा.

काकांनी ते वाचले आणि वस्तरा खाली ठेवला. खुर्चीतला माणूसही अर्ध्या दाढीनिशी उठून पाहू लागला. “अरे देवा,” काका एवढेच म्हणाले. धाकटीने बाटली घेतली आणि ती पुन्हा पळत सुटली.

बसच्या शेवटच्या थांब्यावर ती पोचली तेव्हा ऊन उतरले होते. खिडकीतल्या माणसाने सांगितले की भाऊंची गाडी यायची आहे, उशीर आहे.

“त्यांना फोन लावता येईल का?”

“गाडी चालवताना उचलत नाहीत ते. नियमाचे पक्के आहेत. येतीलच आता, बसा.”

ती बसली नाही. पिशवी छातीशी धरून फेऱ्या मारत राहिली. पिशवीच्या कापडावरूनच तिने मला मुठीत धरले होते आणि ती मूठ इतकी घट्ट होती की माझी बाजूची बटणे आत दाबली गेली. मी अर्ध्यावर अडकलो. माझे तोंड गादीपासून सुटले आणि बाहेर वळले. आयुष्यात पहिल्यांदा मला सावकाश काही पाहायला मिळाले. पिशवीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडात समोर आईची बाटली आडवी पडली होती. पांढरे, स्वच्छ, लखलखीत लेबल. जिथे मी होतो तिथे मी नव्हतो. आपण नसल्यावर जग कसे दिसते, हे पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये. मी सुन्न झालो होतो.

बस आली. ती पुरती थांबण्याआधीच धाकटी पुढच्या दारावर थापा मारू लागली. उतरणाऱ्या लोकांनी वाट अडवली होती. कोणाची पेटी दारात अडकली, कोणी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होते. “बाजूला व्हा हो, बाजूला व्हा!” ती ओरडत होती. आतून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. लोक खाली उतरले तेव्हा भाऊ आपल्या सीटवर आरामात मागे टेकून बसले होते. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तिचे बूच.

“भाऊ, नको!”

भाऊ दचकले. थोडे तेल त्यांच्या पँटवर सांडले. “अहो काय झालं? शेवटच्या थांब्यावर एक घोट घेऊ म्हटलं. चालवताना नको, म्हणून आत्तापर्यंत खोकत आलो.”

“ते तेल आहे भाऊ. चोळायचं तेल.”

“छे! हे बघा ना, ठसा कुठंय? त्या दुसरीवरही नाही. दोन्हींवर ठसा नाही, म्हणजे दोन्ही काढ्याच्याच. आईंनीच तर शिकवलंय आम्हाला. आज तुम्ही चुकून दोन काढे दिलेत असं वाटलं मला.”

धाकटीने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि बसच्या पायरीवर मटकन खाली बसली. ती मोठ्याने रडू लागली. भाऊ आधी गोंधळले, मग त्यांनी बाटलीचा वास घेतला. सर्दी नसल्यामुळे त्यांना तो आला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली उतरले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

थोड्या वेळाने थोरलीचा फोन आला. आईचा घसा आणि पोट चांगलेच पोळले होते. पण निम्मा घोट तिने थुंकला होता आणि ती वेळेवर पोचली होती. धोका टळला, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

“बाटल्या विचारतेय ती,” थोरली म्हणाली. “बोलू नको सांगितलंय तरी खुणा करून विचारतेय.”

“मिळाल्या,” धाकटी म्हणाली. “तिला सांग, दोन्ही मिळाल्या.”

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती तर मी आज एखाद्या अडगळीच्या डब्यात असतो. त्या रात्री थोरलीने मला उचलले तेव्हा मला वाटले, आता कचऱ्यात जाणार. पण तिने मला पुसून ड्रॉवरमध्ये ठेवले. “ह्याचा काय दोष?” ती म्हणाली. “ह्याला दिलेलं काम ह्यानं केलं.” एवढ्या धक्क्यांनंतर ‘दोष’ हा एक शब्द मला फार लागला, आणि तिने तो माझ्यावर ठेवला नाही म्हणून फार बरेही वाटले.

दोन-तीन दिवसांनी धाकटी मला घेऊन पुन्हा शिक्केवाल्या काकांकडे गेली. या वेळी तिने काउंटरवर नवी लेबले ठेवली, तेलाची बाटली ठेवली, पाण्याची वाटी ठेवली आणि फडकेही. मग तिने आम्हा सगळ्यांना त्या लेबलांवर मारले आणि अंगठा तेलात बुडवून प्रत्येक ठशावरून फिरवला. पोलादी भारदस्त पुसला गेला. स्वस्तातला पुसला गेला. शिष्टाचे ते रेखीव अक्षर तर सगळ्यांत आधी वाहून गेले. काका पाहतच राहिले.

“कुठलं लेबल, हे मी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले.

“आणि मी न विचारता आणायला हवं होतं,” धाकटी म्हणाली.

गुळगुळीत लेबलावर टिकणारी एक वेगळी शाई असते, पण ती माझ्या गादीत घातली तर गादीच आखडून जाईल, असे काकांनी सांगितले. मग घरी येऊन तिघींनी दुसरा उपाय काढला. आईचा आवाज अजून बसलेला होता, तरी निर्णय तिचाच होता. चोळायच्या औषधाला अंगावर उभ्या कंगोऱ्यांची बाटली घ्यायची, म्हणजे अंधारातही हाताला कळेल. तिच्या गळ्यात साध्या कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची आणि माझा ठसा त्या चिठ्ठीवर मारायचा. माझी शाई पिणारा कागद मला परत मिळाला.

आणि आणखी एक. “ठसा नसला की प्यायचं, हे मीच गावभर शिकवलं,” आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “चुकीचं शिकवलं. आता दोघी मिळून घरोघर सांगा. ठसा नसला, चिठ्ठी नसली, तर प्यायचंही नाही आणि चोळायचंही नाही. आधी येऊन विचारायचं.”

बहिणींनी खरोखरच घरोघर जाऊन सांगितले. लोकांना सवय मोडायला वेळ लागला. अजूनही एखादा बाटली घेऊन येतो आणि विचारतो, आणि त्याला कोणी हसत नाही.

आता मी जुना झालो आहे. माझ्या सांगाड्याला चीर गेली आहे, गादी अनेकदा बदलून झाली. तुम्ही मोठे व्हाल, दुकाने काढाल, शिक्के बनवून घ्याल. कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर खुशाल भांडा, वजन बघा, अक्षर बघा. पण ज्या कागदावर त्याला जन्म काढायचा आहे तो कागद बरोबर न्या, आणि ठसा मारल्यावर एकदा ओला अंगठा फिरवून बघा. आणि घरात कुठल्याही बाटलीवर काही लिहिलेले नसेल, तर त्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नका. विचारा.

धाकटीचे केस आता पिकू लागले आहेत. ती अजूनही प्रत्येक चिठ्ठीवर मला दाबते आणि मी कोलांटी मारून गादीखाली परततो. मग ती वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवून माझ्या शब्दांवरून फिरवते. तेवढा वेळ मला काही दिसत नाही. मी अंग चोरून, कान देऊन थांबतो. मग ती हळूच, स्वतःशीच म्हणते, “आहे.” आणि पुढची चिठ्ठी घेते.